शेवंतीचा हार आणि मेन स्विच

मिलिंद,

तुझा फ्लेक्स लागला. दिघीच्या चौकात, रिक्षा स्टँडच्या वर, वाढदिवसाच्या दोन फ्लेक्सच्या मधोमध. 'भावपूर्ण श्रद्धांजली' या अक्षरांना सोनेरी कडा आहे. तुझा फोटो एका कोपऱ्यात, जर्मनीतल्या पदवीच्या दिवशीचा, काळ्या कोटातला. खाली शोकाकुल मंडळींचे फोटो. ते सगळे हसताहेत, कारण ते फोटो निवडणुकीसाठी काढलेले आहेत. त्यांत मीही आहे. माझा पुतण्या रोहित याने मला न विचारता टाकला. मापाचं म्हणशील तर मी तुझ्यापेक्षा मोठा छापला गेलोय. आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्यापुढे गेलो, आणि तोही असा.

अंत्ययात्रेला चाकणच्या कंपनीतून तुझे सहकारी आले होते. त्यांच्यातला एकजण बोलला आणि बराच वेळ बोलला. तू 'ऊर्जेचा अखंड झरा' होतास असं त्याने सांगितलं. मी आजूबाजूला पाहिलं. अशा वेळी ज्याच्याकडे पाहून भुवई उडवायची तो माणूस समोर पांढऱ्या कपड्यात निजला होता. तू गेलास हे मला नीट कळलं ते तेव्हा. त्याआधी नुसती धावपळ होती.

आता मुद्द्याचं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, मी गोड लिहिणार नाही. मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. माणूस गेल्यावर हेवा संपायला हवा असं मला वाटत होतं, पण तो आपल्या जागेवर शाबूत आहे. तुझ्या शिकायला जाण्याचा नव्हे. तू गेलास तेव्हा मलाही जाता आलं असतं. आमच्या ज्वारीच्या शेतांचे प्लॉट झाले होते, त्यातून वडिलांनी, अण्णांनी, भोसरीत वर्कशॉप टाकलं होतं, आणि त्यांना ते सांभाळायला मी हवा होतो. मी राहिलो आणि पुस्तकं वाचली. केबिनमध्ये मोजमापाच्या गेजच्या कपाटात मागच्या बाजूला पुस्तकं, पुढे व्हर्नियर. तू म्हणायचास, "दत्ता, तू पुस्तक वाचताना गप्प असतोस एवढंच. मिटलं की परत सुरू." मला हेवा वाटायचा तो तू तिकडून जे घेऊन आलास त्याचा. तुला गप्प बसता यायचं.

लहानपणी आपण दोघंही एकाच दर्जाचे बडबडे होतो. तुझ्या बाबांनी खंडेनवमीला आपल्याला पिंपरीच्या त्यांच्या कंपनीत नेलं होतं. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. बाबांचा लेथ हिरव्या रंगाचा होता. शेजारच्या मशिनवर हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. एक काका आपल्याला म्हणाले, पाया पडा रे पोरांनो. मी लगेच पडलो, पेढा मिळणार होता. तू बाबांकडे पाहिलंस. तुमच्या घरात पूजा नव्हती, विहार होता. बाबांनी तुझ्या हातात कापडाची चिंधी दिली आणि म्हणाले, "पाया पडायचं नाही. पुसून घे." तू तो लेथ पुसलास. काम पकडणाऱ्या गोल चकपासून दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकपर्यंत. मला तेव्हाही वाटलं होतं की पेढा मला मिळाला, पण काहीतरी तुला मिळालं.

पुढे तू जर्मनीला गेलास आणि त्याच उन्हाळ्यात बाबा वारले. तुझा पासपोर्ट तिकडच्या कुठल्याशा कचेरीत व्हिसाच्या मुदतवाढीसाठी अडकला होता. पुढचा खांदा मी दिला. तुझ्या आईनेच, मावशींनी, मला पुढे केलं. त्रिशरण चालू असताना मी एका हाताने फोन उंच धरला होता, तुला दिसावं म्हणून. तुझं चित्र सारखं गोठायचं. तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले. नंतर कितीतरी दिवस बाबांच्या चेहऱ्याऐवजी मला तुझा तोच चेहरा आठवायचा.

तिकडे तू शांतता शोधत फिरलास हे तू मला फोनवर सांगायचास, आणि तुझी ती फजिती मला आवडायची. एका ध्यानकेंद्रात गेलास. दारातच उशी विकत घ्या म्हणाले. बसायची खास उशी. मग एका बाईने तुला हळुवारपणे विचारलं की बुद्ध तुमच्यापर्यंत कसा पोहोचला. तू म्हणालास, "मी म्हटलं, बाई, आईच्या पदराला धरून. तर ती वहीत लिहायला लागली." तिथे परत गेला नाहीस. मग मराठी मंडळाच्या गणपतीला गेलास. तिथे तीन भाषणं, एक लावणी आणि प्रायोजकांचे आभार. "दिघीच आहे रे," तू म्हणालास, "फक्त सगळ्यांनी स्वेटर घातलेत." मी पोटभर हसलो. मला वाटलं, चला, याला काही सापडत नाहीये. आता बरोबरीत आहोत.

रविवारी तुझ्या खोलीत खिचडी शिजायची आणि फोन स्पीकरवर असायचा. इकडे मावशी वंदना म्हणायच्या, तिकडे तू. विहारात तुला जबरदस्तीने बसवावं लागायचं, आणि तिकडे डाळ ढवळताना तुझा एक शब्द चुकत नव्हता. हे मावशींनी मला कौतुकाने सांगितलं. मी कौतुकाने ऐकलं, असं त्यांना वाटलं असावं.

मग ती शेवंतीची गोष्ट. तू परत आल्यावर पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये बसून सांगितलीस ती. मला ती आता तुझ्याच आवाजात ऐकू येते.

"नवमी होती रे. युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये माझं काम लेथवरच. म्हटलं, बाबांसाठी काहीतरी करावं. झेंडू शोधला, नाही. शेवंती मात्र प्रत्येक दुकानाबाहेर, कुंड्याच कुंड्या. मला वाटलं, यांचाही सण दिसतोय."

"मग?"

"मग काय. ओवला हार. लेथ पुसला आणि चकवर घातला. तेवढ्यात यॉर्ग आला."

यॉर्ग तुमच्या वर्कशॉपचा प्रमुख. धिप्पाड, साठीकडे झुकलेला, गॉगल घातला नाही तर विद्यार्थ्याला बाहेर काढणारा. तो आता ओरडणार म्हणून तू उभा राहिलास. त्याने हाराकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

तिकडे शेवंती कबरीवर वाहतात. त्या दिवसांत लोक आपापल्या माणसांच्या कबरी सजवायला ती नेतात, म्हणून दुकानांत तिचे ढीग. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी इथे इतका हसलो की बाहेरून शिंदे डोकावले. आमचे फोरमन, तेही हसले, कशाला ते न कळता. पण तू थांबला नव्हतास.

"मला सांगायचं होतं की कुणी नाही गेलं, हा सण आहे. पण तोंडातून निघालं, माझे वडील. त्याने विचारलं, काय करायचे? म्हटलं, लेथवर होते, आयुष्यभर. तो भिंतीपाशी गेला, दत्ता, आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. सगळ्या मशिनी बंद. पोरं बघायला लागली. त्याने दोन स्टूल आणली. एकावर तो बसला. कुठूनतरी कॉम्प्रेस्ड हवा फुसफुसत होती, टाकीत उरलेली. मी सवयीने उठलो, लीक बघायला. तो म्हणाला, बस. म्हणून बसलो. आणि मग मी रडलो रे. बाबा गेल्यावर पहिल्यांदा."

मी चहा मागवला. दुसरं काय करणार होतो? खांदा मी दिला होता. चितेपाशी फोन मी धरला होता. मावशींना दवाखान्यात नेणं, बाबांच्या पेन्शनची कागदपत्रं, सगळं मी. आणि तू रडलास ते यॉर्गजवळ. तुला विसावा मिळाला तो एका परक्या माणसाच्या स्टुलावर, तोही चुकीच्या फुलांमुळे. ती फुलं तू भोसरीत आणली असतीस तर मी तुला सरळ सांगितलं असतं, अरे, झेंडू आण. आणि तू झेंडू आणला असतास, आणि काही झालं नसतं.

पुढच्या वर्षी यॉर्गने स्वतः शेवंती आणली. तुझ्या नवमीला. कुणीतरी आपल्या आजीचा रुमाल मशिनवर ठेवला. कुणी काहीच ठेवलं नाही, नुसतं बसलं. आधी सगळ्यांनी मशिनी पुसायच्या, मग मेन स्विच, मग तासभर गप्प. ना मंत्र, ना भाषण. तू परत आलास तरी ते चालू राहिलं. दरवर्षी तुला फोटो यायचा आणि तू तो मला दाखवायचास. मी म्हणायचो, छान आहे. फोटोत कुणीच काही करत नसायचं, आणि असा फोटो दाखवण्याजोगा का असतो हे मला कळायचं नाही. म्हणजे कळायचं. तोच त्रास होता.

कारण आमची खंडेनवमी तुला माहीत आहे. अण्णांच्या वेळी नारळ आणि पेढे होते. रोहितने कारभारात लक्ष घातल्यापासून मंडप, स्पीकर, प्रमुख पाहुणे. एकदा पाहुण्यांनी नव्या व्हीएमसी मशिनच्या टेबलावरच नारळ फोडला आणि शिंदे दोन दिवस कूलंटच्या पाण्यातून करवंटीचे तुकडे गाळत होते. त्या रात्री तू म्हणालास, "एक वर्ष माझं ऐक. पाहुणे नको, स्पीकर नको. पुसायचं, बंद करायचं, बसायचं."

"ते तुझं इम्पोर्टेड मौन आमच्या वीजजोडणीवर चालायचं नाही."

"इम्पोर्टेड नाही रे. माल इथलाच आहे. असेंब्ली फक्त तिकडे झाली."

"आणि आमच्याकडे मशिन बंद पडलं की शांतता होत नाही, मिलिंद. गिऱ्हाइकाचा फोन येतो."

"येऊ दे. वाजून थांबतो तो."

हे दरवर्षी. सप्टेंबर लागला की तू सुरू करायचास, आणि मी नवनवीन कारणं शोधून ठेवायचो. डिलिव्हरी, ऑडिट, अण्णांचं वय. एकदा मी म्हणालो की मला ढोंग जमत नाही. तू म्हणालास, "मग ढोंगाशिवाय बस." त्यानंतर मी दोन आठवडे तुझा फोन घेतला नाही. तू तिसऱ्या आठवड्यात केबिनमध्ये येऊन बसलास. चहा घेतलास. मोबाइल खिशात. खिडकीतून समोरच्या शेडचे पत्रे बघत राहिलास, अर्धा तास तरी, तोंडातून शब्द नाही. मी तीन फोन केले, एक ईमेल लिहिली, दोनदा शिंदेंवर ओरडलो. जाताना म्हणालास, "बरं वाटलं." मला तुला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवावंसं वाटलं होतं.

या सप्टेंबरातही सुरू केलंस. मी म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की. मग तू शिफ्टवर गेलास आणि तुझ्या हृदयाने तुझ्याआधी सुट्टी घेतली.

नवमीच्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. "दत्ता, ये बरं जरा. मिलिंदचा तिकडला माणूस फोन करायलाय, मला त्याचं कळंना." मी गेलो. मोबाइलवर यॉर्ग. आता निवृत्त झालाय, तरी आला होता. मागे तेच वर्कशॉप. तुझ्या लेथच्या चकवर शेवंतीचा हार, आणि लेथ पुसून असा ठेवलेला की चकचकत होता. फोटो नव्हता तुझा कुठे. फ्लेक्सवाल्यांनी शिकावं असं काहीतरी.

तो इंग्रजीत सावकाश बोलत होता, मी मराठीत सांगत होतो. तो म्हणाला, तुमच्या मुलाने आम्हाला मशिन बंद करायला शिकवलं. सांगितलं मी. तो म्हणाला, तो मला भावासारखा होता. मी म्हणालो, "मावशी, तो म्हणतोय की मिलिंद त्याचा चांगला मित्र होता."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ म्हणला ना तो? ब्रदर कळतं मला."

"हो. भाऊ."

"मग नीट सांग की लेकरा. त्याच्या भाऊ म्हणण्यानं तुझं काय कमी होणार हाय?"

मग यॉर्गने मागे वळून स्विच ओढला. फोन चालूच ठेवला. पडद्यावर अंधारलेलं वर्कशॉप, स्टुलांवर बसलेली माणसं, कोणी ओळखीचं नाही. मावशी तशाच बसल्या, फोनकडे बघत, हात मांडीवर. मी त्यांच्या शेजारी. मला मनापासून काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, तुझ्यासाठी एका परक्या देशात वीज बंद होते. आणि मी गेलो तर आमच्या शॉपमध्ये रोहित एक मोठा फ्लेक्स लावील आणि मशिनी चालू ठेवील, कारण डिलिव्हरी असेल. तिथेच उठलो आणि रोहितला फोन केला.

"काका, पाहुणे पाचला येणारेत. स्पीकरवाला निघालाय."

"त्याला माघारी पाठव."

"भावा... म्हणजे काका, बॅनर छापून झालाय राव."

"घरी लाव."

अण्णा खुर्ची टाकून शॉपच्या दारात बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "नारळ न्हाई, अगरबत्ती न्हाई, आन् म्हनं खंडेनवमी."

"मिलिंदसाठी आहे, अण्णा."

"व्हय. मंग बसू की. आमी कुठं न्हाई म्हनलं."

उरलेल्या दुपारी सगळ्यांनी मशिनी पुसल्या. मीही चिंधी घेतली. आमच्याकडे एक जुना लेथ आहे, अण्णांनी सुरुवातीला घेतलेला, कोपऱ्यात पडलेला, आता त्याच्यावर फारसं काम होत नाही. तो मी पुसला. मावशींनी येताना भोसरीच्या मंडईतून शेवंती आणली होती. बाजार झेंडूने पिवळाधमक झाला होता आणि त्यांनी नेमकी शेवंती शोधून काढली. हार त्यांनीच घातला. पाया पडल्या नाहीत. चक हाताने एकदा फिरवून पाहिला, बाबा फिरवायचे तसा, आणि स्टुलावर बसल्या.

मेन स्विच मी ओढला.

पंखे थांबले. कूलंट थेंबथेंब गळून थांबलं. माणसं स्टुलांवर, लाकडी पेट्यांवर, दोघं जमिनीवर. आणि मग तो आवाज. फुस्स. सतत, बारीक. गेले कितीतरी महिने मशिनींना हवा पुरवणारा आमचा कॉम्प्रेसर विनाकारण सारखा सुरू व्हायचा, आणि लीक कुठे आहे ते कुणाला सापडत नव्हतं, कारण शॉप कधी बंदच नसायचं. आता साफ ऐकू येत होतं. दुसऱ्या व्हीएमसीच्या मागे, वरच्या जॉइंटपाशी. माझे पाय आपोआप हलले. तेवढ्यात समोर शिंदे उठले, त्यांनाही ऐकू आलं होतं, आणि खिशातला पाना काढत निघाले.

"बसा, शिंदे," मी म्हणालो.

"साहेब, सापडलंय. दोन मिनिटं लागतील."

"बसा."

ते बसले. आणि मला उमगलं की मी आत्ता यॉर्गचं वाक्य बोललो. तुझं वाक्य बोललो असतो तर बरं वाटलं असतं, पण माझ्या वाट्याला त्याचं आलं.

पुढचं सांगतो ते मोठं करून सांगत नाही. मला शांत वगैरे वाटलं नाही. मी त्या फुसफुशीवर चिडून बसलो होतो. तुझ्यावर चिडलो होतो. बाबांवर रडायला तुला मी पुरलो नाही, आणि आता तुझ्यावर रडायला तूच मला दिलेली पद्धत वापरावी लागतेय, यावर चिडलो होतो. माझा फोन वाजला, गिऱ्हाइकाचाच, आणि तू म्हणाला होतास तसा वाजून थांबला. अण्णांची मान छातीवर पडली होती, ते घोरत होते. मावशी हाराकडे पाहत होत्या. हवा जात होती, जात होती. मग आवाज बारीक झाला. मग टाकी रिकामी झाली आणि तोही गेला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. शिंदेंनी खांद्याला हात लावला तेव्हा मी वर पाहिलं. "साहेब, तास होऊन गेला. बराच." माझा शर्ट गळ्यापाशी ओला होता. मावशींनी पदराने माझं तोंड पुसलं, सगळ्या कामगारांसमोर, आणि कुणी दुसरीकडे पाहिलं नाही, हसलंही नाही. रोहित उठून सगळ्यांना चहा सांगायला गेला. अण्णा जागे झाले आणि म्हणाले, "झालं व्हय? बरं वाटलं."

म्हणजे आमच्याकडे इतकी वर्षं हे जमणारा एक माणूस होता आणि मला तो दिसला नाही. त्याचाही आता हेवा वाटून घ्यायचा का, ते अजून ठरवलेलं नाही.

तू वाद जिंकलास. ऐकायला राहिला नाहीस, हे तुझं नेहमीचं. तुझा फ्लेक्स उद्या उतरवायला सांगितलाय. त्या जागी कुणाचातरी वाढदिवस लागेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिंदेंनी तो जॉइंट बदलला. कॉम्प्रेसर आता सारखा चालत नाही. सुरू होतो, टाकी भरतो, आणि मध्येच खटकन थांबतो. थांबला की शॉपमध्ये क्षणभर काहीतरी हलकं होतं, बाकीच्या मशिनी चालू असतानाही. मी हातातलं पुस्तक किंवा फोन खाली ठेवतो आणि मान वर करतो. समोर तुझी खुर्ची, खिडकी, पलीकडच्या शेडचे पत्रे. तेवढ्यापुरता तुझा हेवा वाटत नाही. मग तो परत सुरू होतो.

दत्ता